सोलापूरच्या सावलीत प्रिमरोझ: एका हिवाळ्यापुरती फुलं कशी मिळवायची

प्रिमरोझ हे विलायती फुलझाड सोलापुरात बारमाही टिकत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. इंग्लंडमधल्या बागांचे व्हिडिओ बघून, तिथले झाडांखालचे पिवळे-जांभळे ताटवे बघून आपल्याला वाटतं की आपल्याही घरामागच्या बोळात सावली आहेच, मग काय हरकत आहे? सावली असते. पण मार्चमध्ये इथली रात्रसुद्धा २१-२२ अंशांच्या आसपास राहते, दुपार ३७-३८ ला जाते, आणि या झाडाचा जीव उन्हापेक्षा त्या गरम रात्री आणि कोरडी हवा घेतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र आपल्या हातात असतात. तेव्हा रात्री साधारण १४ ते १७ अंश असतं आणि अधूनमधून त्याहूनही खाली जातं. शेवंती ओसरत आलेली असते, मोगऱ्याला अवकाश असतो. त्या मधल्या दिवसांत कुंडीतला प्रिमरोझ छान फुलतो. तो हंगामी म्हणून लावायचा आणि हंगाम संपला की सोडून द्यायचा, एवढं मनाशी पक्कं केलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

१. कोणतं झाड घेताय ते आधी पाहा

प्रिमरोझ या नावाखाली बाजारात बरंच काही खपतं. आपल्याला हवं ते प्रिम्युला कुळातलं. त्यातले तीन-चार प्रकार तुमच्यापुढे येतील.

व्हल्गॅरिस (काही ठिकाणी अकॉलिस लिहितात) हा मूळ युरोपातला. पानं जमिनीलगत, सुरकुतलेली, आणि एकेका देठावर एकच फूल. रानातलं फूल फिकट पिवळं असतं, कुंडीतल्या जातींत मात्र लाल, गुलाबी, निळा, पांढरा असे सगळे रंग येतात. पॉलिअँथस हा संकर. त्यात एका जाड देठावर फुलांचा गुच्छ येतो. मॅलकॉइडीस चीनमधला, नाजूक, मजल्यामजल्यांनी फुलणारा. ऑबकॉनिकाही चीनमधलाच, आणि या सगळ्यांत ऊब त्यातल्या त्यात सहन करतो तो हाच. फक्त जुन्या जातींच्या पानांवरच्या लवेत प्रिमिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं काही जणांच्या हाताला खाज सुटते, पुरळ उठतो. नव्या जाती प्रिमिनमुक्त केलेल्या आहेत. कुठली जात आहे ते कळत नसेल तर हातमोजे घाला आणि लहान मुलांच्या हाताशी ती कुंडी ठेवू नका.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी पॉलिअँथस किंवा ऑबकॉनिका. मॅलकॉइडीस दिसायला सगळ्यात गोड, पण त्याला कळ्या धरायला चांगली थंडी लागते आणि आपल्याकडच्या रात्री तेवढ्या थंड होतीलच असं नाही.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, ‘इव्हनिंग प्रिमरोझ’. ज्याचं तेल कॅप्सूलमध्ये मिळतं ते झाड वेगळ्याच कुळातलं आहे. त्याला ऊन लागतं, सावलीत ते रडत बसतं. दुसरं, ऑनलाइन मिळणारी सप्तरंगी बियांची पाकिटं. एकाच पाकळीवर पाच रंगांचे पट्टे दाखवणारे फोटो संगणकावर रंगवलेले असतात, त्यावर पैसे घालवू नका. आणि पाकिटावर ‘हार्डी’ लिहिलंय म्हणून हुरळूनही जाऊ नका. बर्फाखाली हिवाळा काढणारं झाड, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मे महिन्याचा त्यात विचार केलेला नाही.

जाता जाता एक गंमत. रब्बीच्या पिकांत इवल्याशा निळ्या फुलांचं एक तण दिसतं, अ‍ॅनागॅलिस. ते याच प्रिम्युलाच्या कुळातलं. म्हणजे भाऊबंद इथे आधीपासून आहेत, आणि तेही थंडीतच उगवून उन्हाळ्याआधी संपून जातात.

२. सावली तपासा, आणि ती हलते हे विसरू नका

प्रिमरोझ मुळात पानगळीच्या जंगलांतलं झाड. वसंतात वरच्या झाडांना पानं फुटायच्या आधी भरपूर उजेड असतो, तेव्हा ते फुलतं. पुढे उन्हाळ्यात वर दाट छत झालं की खाली गारव्यात पडून राहतं. म्हणजे फुलायच्या वेळी त्याला उजेड लागतो. जिन्याखालचा अंधार, मोरीशेजारचा कोंदट कोपरा, दोन घरांमधली हातभर चिंचोळी बोळ ही सावली कामाची नाही. तिथे पानं लांबतात, देठ लुळे पडतात, फुलं येत नाहीत. परीक्षा सोपी आहे. दुपारी बारा वाजता त्या जागी बसून दिवा न लावता वर्तमानपत्र आरामात वाचता आलं पाहिजे.

आपल्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे घराची उत्तर बाजू किंवा ईशान्य कोपरा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीला उन्हाचा स्पर्शही होत नाही आणि ती भिंत दिवसभर गार राहते. सोलापूरच्या अक्षांशावर २१-२२ डिसेंबरला भरदुपारी १० फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला जवळपास पावणेनऊ फूट पडते. फेब्रुवारीच्या अखेरीस तीच सावली पाच फुटांच्या आत येते आणि मार्चच्या मध्याला साडेतीन फुटांवर. म्हणजे डिसेंबरात भिंतीपासून सहा फुटांवर सुखात असलेली कुंडी फेब्रुवारीअखेर दुपारच्या उन्हात उघडी पडते. कुंड्या दर पंधरवड्याला भिंतीकडे सरकवत न्या. (मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर ऑगस्ट उजाडेपर्यंत दुपारचं ऊन उत्तरेच्या अंगणातच उतरतं. हे आपल्या पाहुण्याच्या कामाचं नाही, पण त्या जागी दुसरं काही लावणार असाल तर लक्षात असू द्या.)

पूर्वेचा व्हरांडा चालतो. सकाळचं कोवळं ऊन नऊपर्यंत आलं तर फुलं जास्तच येतात. पश्चिमेची भिंत नको. दुपारभर तापलेली ती भिंत रात्री दहापर्यंत धग सोडत राहते.

झाडाच्या सावलीबद्दल थोडं सावध राहा. आपल्याकडे दारात कडुनिंब असतोच, आणि त्याची सावली डिसेंबर-जानेवारीत उत्तम असते. पण फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये त्याची पानगळ होते, नेमकी ऊन तापायला लागतं तेव्हा. आंबा किंवा चिकू असेल तर प्रश्न नाही. पत्र्याच्या शेडखालची सावली मात्र सावली धरूच नका.

आणि शहाबादी फरशी! अंगणभर फरशी हे आपल्याकडचं ठरलेलं चित्र. ती दिवसभर तापते आणि कुंडीचा तळ शेकत राहते. कुंड्या फरशीवर थेट ठेवू नका. खाली दोन विटा द्या किंवा वाळूचा ट्रे ठेवा.

३. काय काय जमवून ठेवायचं

दिवाळी झाली की हे सामान आणून ठेवा, रोपं आल्यावर धावाधाव नको:

– ६ ते ८ इंची मातीच्या कुंड्या, आणि प्रत्येकीसाठी एक मोठी कुंडी (का ते पुढे येईल)
– कोकोपीट, गांडूळखत, थोडी लाल माती किंवा पोयटा, जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा
– ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, गरजेपुरती
– झाकण असलेला पाण्याचा ड्रम
– कमाल-किमान तापमान दाखवणारं साधं थर्मामीटर
– १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) हे विद्राव्य खत आणि चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं)
– निंबोळी तेल, हातपंप

खत आणि लोहासाठी नर्सरीत चौपट पैसे मोजू नका. द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांमुळे आपल्याकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात दोन्ही मिळतं. थर्मामीटर मात्र चैन म्हणून सोडू नका. मोबाइलवर दिसणारं तापमान शहराचं असतं, तुमच्या बोळातलं नसतं.

४. बी पेरू नका, कळ्या आलेलं रोप आणा

बियांचा मोह होतो, कारण त्या कुरिअरनं घरी येतात. पण प्रिम्युलाचं बी १५ ते १८ अंशांत रुजतं, २० च्या वर गेलं की बहुतेक झोपूनच राहतं. ते मातीखाली पुरायचंही नाही, त्याला रुजायला उजेड लागतो. पेरल्यापासून फुलापर्यंत पाच-सहा महिने जातात. म्हणजे जानेवारीत फुलं हवी असतील तर बी जुलै-ऑगस्टमध्ये पेरलं पाहिजे, आणि तेव्हा आपल्याकडे रात्रीसुद्धा २० च्या खाली उतरत नाही. एसीच्या खोलीत उगवून आली तरी पुढचे महिने ती रोपं ठेवणार कुठे? हे काम थंड हवेतल्या रोपवाटिकांचं आहे.

रोपं नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणा. त्याआधी ऑक्टोबर हीटचा तडाखा पूर्ण ओसरलेला नसतो. सोलापुरातल्या रोपवाटिकेत प्रिम्युला सहसा तयार नसतो, ऑर्डर द्यावी लागते. पुण्याला जाणं होत असेल तर सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची रांग आहे. तिथे थंडीची फुलझाडं उतरतात तेव्हा चौकशी करा, पण आधी फोन करा. दरवर्षी, प्रत्येकाकडे असतोच असं नाही.

निवडताना पूर्ण फुललेलं रोप सोडा. ते दुकानात देखणं दिसतं, पण त्याची अर्धी फुलं तिथेच होऊन गेलेली असतात. पानांच्या मधोमध, गाभ्यात, दाटीनं बसलेल्या कळ्या बघा. एक-दोन फुलं उघडलेली असावीत, म्हणजे रंग कळतो. कुंडी तिरकी करून तळाच्या भोकातून मुळं बघा. पांढरी असली तर घ्या, तपकिरी आणि वास मारणारी असली तर परत ठेवा. पानं उलटी करून बारीक जाळी किंवा मावा नाही ना ते बघा. नर्सरीवाला कुरकुर करतो, करू द्या.

फूल जवळून बघाल तर आणखी एक दिसेल. काही रोपांत मधोमध टाचणीच्या डोक्यासारखा ठिपका दिसतो, काहींत परागकोशांचा झुबका. टाचणीवाल्या फुलात स्त्रीकेसर लांब असतो, दुसऱ्यात आखूड. एका रोपावर एकच प्रकार असतो. यामुळे परागीभवन बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या फुलाकडूनच होतं. चार्ल्स डार्विननं १८६२ मध्ये यावर निबंध लिहिला होता. घरात शाळेतली मुलं असतील तर त्यांना भिंग देऊन बसवा.

आणताना रात्रीचा प्रवास उत्तम. खोक्यात उभी ठेवा, मध्ये ओले वर्तमानपत्राचे बोळे. दुपारी डिकीत ठेवलेली रोपं टेंभुर्णीपर्यंतच मान टाकतात.

५. कुंडी भरणं

आपली काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र नको. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगा पडून मुळं तोडते, आणि तिच्यात चुना बराच असतो. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग लाल माती आणि अर्धा भाग वाळू किंवा विटांचा चुरा असं मिश्रण करा. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी फेकून द्या आणि पुन्हा एकदा धुवा, त्यात मीठ असतं.

रोप लावताना गाभा मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेला की कुजतो, आणि कुजलेला गाभा परत फुटत नाही. या एकाच गोष्टीनं सगळ्यात जास्त रोपं जातात.

आता ती मोठी कुंडी. लावलेली छोटी कुंडी तिच्यात ठेवा आणि मधल्या फटीत वाळू भरून ती वाळू सतत ओली ठेवा. माठातलं पाणी ज्या कारणानं गार राहतं त्याच कारणानं आतली माती गार राहते. आपल्या कोरड्या हवेत हे भलतंच चांगलं काम करतं. रंग दिलेली किंवा प्लॅस्टिकची कुंडी घेतली तर हा फायदा जातो.

६. पाणी: अर्धी लढाई इथे आहे

बोअरचं पाणी देऊ नका. ज्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरे थर चढतात, त्याच पाण्यानं कुंडीतली माती हळूहळू क्षारट होते. पानांच्या कडा करपतात, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या पाण्यानं ते झाडाला घेता येत नाही. शिरा हिरव्या आणि पान पिवळं असं दिसलं की चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी पानांवर फवारा. पण मूळ इलाज पाणी बदलणं हाच.

सगळ्यात चांगलं म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी. परतीच्या पावसात गच्चीच्या पन्हाळीखाली ड्रम लावून ठेवलात तर सात-आठ कुंड्यांचा बराचसा हंगाम त्यात निघतो. ड्रमला झाकण हवंच, नाहीतर डास. ते नसेल तर नळाचं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको, तेव्हा पाण्याच्या दिवशी ड्रम भरून ठेवा. आरओचं फेकायचं पाणी ‘वाया कशाला घालवा’ म्हणून झाडांना दिलं जातं. ते प्रिमरोझला अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

पाणी सकाळी द्या, मातीवर द्या, गाभ्यात ओतू नका. बोट पेरभर मातीत घालून बघा. ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही.

आता या झाडाचा सगळ्यात मोठा चकवा. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला पानं एकदम मलूल पडतात, जणू आठवडाभर पाणी मिळालेलं नाही. बघवत नाही आणि आपण तांब्या घेऊन धावतो. थांबा. माती ओली असेल तर ही तहान नाही, पानांतून जितकं पाणी उडतंय तितकं मुळं खेचू शकत नाहीत एवढंच. संध्याकाळी सहापर्यंत पानं आपोआप उभी राहतात. दर दुपारी पाणी ओतत राहिलात तर चार-सहा दिवसांत मुळं कुजतात, आणि मग पानं संध्याकाळीही उठत नाहीत. दुपारी काही करायचंच असेल तर बाहेरच्या वाळूवर पाणी शिंपडा, आसपासची फरशी ओली करा.

दर पंधरा दिवसांनी एकदा तळातून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात.

७. रात्री बाहेर, सकाळी आत

हे मला पुस्तकात सापडलं नाही, थर्मामीटरनं शिकवलं. सोलापूरचं हिवाळ्यातलं आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, त्यामुळे उघड्यावरची जमीन रात्री झपाट्यानं निवते. व्हरांड्यात मात्र छप्पर दिवसभराची धग धरून ठेवतं. संध्याकाळी कुंड्या मातीच्या अंगणात, उघड्या आकाशाखाली ठेवल्या तर त्यांना तिथला वाढीव गारवा मिळतो आणि कळ्यांना नेमका तोच हवा असतो. सकाळी नऊच्या आत परत सावलीत. रोजची उचलठेव आहे, कंटाळा येतो. दुहेरी कुंडी जड होते म्हणून फक्त आतली उचला. म्हणूनच कुंड्या मोजक्याच ठेवा.

गच्ची सोयीची वाटते, पण तिथला स्लॅब दिवसभर तापलेला असतो. गच्चीशिवाय जागा नसेल तर कुंड्या स्टुलावर ठेवा.

खत बेतानं. १९:१९:१९ एक ग्रॅम लिटरला, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. जास्त दिलं तर पानं कोबीसारखी होतात आणि फुलं हरवतात. सुकलेलं फूल देठासकट बुडातून चिमटून काढा, बी धरू दिलं की पुढच्या कळ्या रोडावतात.

सगळं जमलं तर जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमाराला बहर भरात असतो.

८. किडी

आपल्या कोरड्या हवेत मुख्य शत्रू लाल कोळी. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी, वर फिकट ठिपके. सुरुवातीला नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं पानं खालून धुतली तरी आटोक्यात राहतो. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी तेल ५ मिली, लिटरभर पाणी आणि साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी. फुलांवर फवारू नका, डाग पडतात. गोगलगाई दिसल्या तर रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या.

९. होळी आली की

फुलं लहान होऊ लागतात, देठ आखूड, पानांच्या कडा तपकिरी. शेडनेट लावून, जागा बदलून दोन आठवडे लांबवता येतं, त्यापलीकडे ओढाताण आहे. एसीच्या खोलीत उन्हाळा काढता येईल का? चोवीस तास एसी आणि जोडीला भरपूर उजेड देणार असाल तर कदाचित. त्या विजेच्या बिलात पुढच्या वर्षी नव्या रोपांची गाडी भरून येईल. रोपं कंपोस्टमध्ये टाका. माती उन्हात पसरून वाळवा आणि कुंड्या घासून पालथ्या ठेवा.

१०. रोपं मिळालीच नाहीत तर

किंवा हे सगळं वाचून ‘नको रे बाबा’ झालं असेल तर त्याच सावलीत अबोली लावा. केशरी, बारमाही आणि आपल्या हवेची. विरळ सावली तिला मानवते, आणि सोलापुरात तिचा गजरा माळणाऱ्या बायका घरोघरी आहेत. तेलुगू शेजारणी तिलाच कनकांबरम म्हणतात, कुणाकडे तरी रोप असतंच, मागून बघा. साध्या अबोलीचं बोंड पाणी लागलं की फटकन फुटतं आणि बी लांब उडतं, त्यामुळे बी हवं असेल तर ओलं व्हायच्या आत बोंडं काढून ठेवा. दिल्ली अबोली बी धरत नाही, तिच्या फांद्या लावाव्या लागतात. दोन्हींना सूत्रकृमीचा त्रास होतो. मुळांवर गाठी येतात आणि झाड खुरटतं, म्हणून लावतानाच कुंडीत मूठभर निंबोळी पेंड मिसळा. बोअरच्या पाण्याबद्दलचं वरचं सगळं तिलाही लागू आहे, फक्त ती प्रिमरोझइतकी लगेच रुसत नाही. पावसाळा सुरू झाला की जून-जुलैत लावा.